डाव्या हाताचा चाकू

घरून निघताना आईनं तीनदा विचारलं, "काड्या घेतल्या?" तीनदा मी म्हटलं, "घेतल्या." चाकूचं कोणीच विचारलं नाही. पुढं जो घोटाळा झाला त्याचं मूळ इथंच आहे असं मला अजून वाटतं. पण आईला दोष देऊन काय उपयोग? चाकू माझा, खिसा माझा, आणि डोकंही माझंच.

मी वरूडकडचा, संत्र्याच्या कलमा बांधणारा. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जंबेरीच्या (खुंटासाठी वाढवतात त्या रानलिंबाच्या) रोपाची साल चिरायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद सोलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. याला डोळा भरणं म्हणतात. डोळा धरला की वरचं झाड संत्र्याचं होतं. हे सगळं काम एका लहानशा घडीच्या चाकूवर चालतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची आहे. माझी थोरली बहीण, तिला आम्ही सगळे बाई म्हणतो, आदिलाबाद जिल्ह्यात तलमडुगुच्या पुढं दोन कोसांवर दिलेली. सगळा मुलूख कापूस-ज्वारीचा, पावसावर जगणारा. तिथं या बाईनं डोक्यावर घागरी वाहून दीड वर्षात तीनशे जंबेरीची रोपं वाढवली होती. तिचा हट्ट एकच होता, बाबांच्या झाडाचे डोळे तिच्या रानात जगले पाहिजेत. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. आमची विहीर आटली, बाग वाळली, त्यांच्या हातचं एकच झाड एका अंगानं हिरवं राहिलं होतं. बाईच्या घरच्या नव्या विहिरीला पाणी लागल्याचं पत्र आलं आणि मी त्या झाडाच्या जेवढ्या निघाल्या तेवढ्या काड्या कापल्या. पानं छाटली, ओल्या पोत्यात गुंडाळल्या, पोतं पिशवीत घातलं. पन्नासेक काड्या असतील. त्या वाळल्या असत्या तर पुन्हा मागायला झाड नव्हतं. थंडीत काडी पाच दिवस चांगली राहते, पुढं आपलं नशीब.

नागपूरहून आदिलाबादची गाडी पकडली ती या पाच दिवसांचा हिशेब करतच. दर अर्ध्या तासाला पिशवी उघडायची, पोत्यावर बाटलीतलं पाणी शिंपडायचं, काडीला नख लावून हिरवं दिसतं का पाहायचं. शेजारचा माणूस म्हणाला, "भाऊ, लेकरू हाय का पिशवीत?" मी कसनुसं हसलो. त्याच्याजवळ पेरू होते. माझा चाकू दिसला आणि त्यानं मागितला. मी दिला. पेरूची एक फोड मीही खाल्ली. पांढरकवड्याला तो उतरला तेव्हा मी मान खाली घालून पोत्यावर पाणी शिंपडत होतो.

पैनगंगेच्या पुलावर गाडी आली, खाली वाळूत पाण्याची बारीक धार दिसली. महाराष्ट्र संपला म्हणून मी उगाच खिशावर हात ठेवला. खिसा रिकामा! सीटखाली पाहिलं, पिशवी उपसली, कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "पेरूवाल्याचं नाव-गाव?" मला काय ठाऊक! काड्यांची राखण करता करता चाकू घालवला.

कोणी म्हणेल, चाकूच तो, दुसरा घ्यावा. पण मी डावखुरा. कलमाच्या चाकूची धार एकाच अंगानं उतरती घासलेली असते, दुसरं अंग सपाट. उजव्या हाताला उतार एका अंगाला लागतो, डावऱ्याला दुसऱ्या. उलट चाकू हाती आला की पातं काडीत घुसतं, डोळ्याच्या पोटाखालचा गर फाटतो आणि डोळा मरतो. माझा चाकू आमच्या गावच्या लोहारानं माझ्या हाताकडं पाहून केला होता. तो लोहारही आता नव्हता.

आदिलाबादला उतरलो तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. थंडी अशी की दुपारीही लोक कानाला फडकं बांधून होते. इथं पाट्या तेलुगूत, दुकानात हिंदी, आणि भाव करताना मराठी. मी चहासुद्धा न पिता लोखंडी सामानाचं दुकान शोधलं. दुकानदार मराठीच निघाला. त्यानं कागदाच्या डबीतून एक चाकू काढला. कलमाचाच, कारखान्याचा, पात्यावर ठसा, पितळी टोकांची मूठ. उघडला तर कट्ट आवाज झाला. माझा जीव खरंच त्यावर जडला.

"डाव्या हाताचा हाय का?" मी विचारलं.

"म्हंजे?"

मी समजावून सांगितलं. तो दुकानातल्या बाकीच्यांकडं पाहून म्हणाला, "चाकूले काय डावं-उजवं बाप्पा! तो का चप्पल हाय? कंपनीचा माल हाय, शंभर घ्या, शंभरही सारखे."

सगळे हसले. मीही हसलो. आपल्या हाताची लाज वाटली की मी नेहमी हसतो, ही माझी लहानपणची खोड. शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर छड्या मारल्या तेव्हाही मी हसतच होतो म्हणतात.

चाकू घ्यावा की नाही? स्टँडवर उभं राहून मी दहा वेळा मागं वळलो. घेतला तर निदान काही तरी हाती राहील. पण उलट्या चाकूनं बाबांचे डोळे कापायचे? आणि नाही घेतला तर बाईच्या गावात काय मिळणार, विळा? एवढ्यात तलमडुगुच्या गाडीचा कंडक्टर ओरडू लागला, "एक्कंडी, एक्कंडी! (चढा, चढा!)" आणि मी चढलो. ठरवून चढलो असं म्हणता येणार नाही.

बाईच्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. तिनं पायावर पाणी घालायच्या आधी पिशवी घेतली, पोतं सोडलं आणि काड्या छातीशी धरल्या. मग माझं तोंड पाहून विचारलं, "काऊन रे गजू, असा काऊन दिसून राह्यला?"

चाकूचं सांगितलं. भाटवे (बहिणीचा नवरा) तेव्हाच बोथच्या बाजारातून आले होते. ते फार कमी बोलणारे. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा पुढ्यात आला तरी मी ताटाला हात लावेना, तेव्हा ते म्हणाले, "तलमडुगुले राजय्या हाय. कम्मरी (लोहार). घडीचे चाकू तोच करते. बकऱ्यावाले त्याच्याकडूनच नेतात. उद्या जाऊ."

"तो एका दिवसात करून देईल?"

"त्याच्या मनात आलं तर."

हे ऐकून मी आणखीच हाय खाल्ली. अंथरुणावर पडून मी दिवस मोजले. एक संपला होता.

राजय्याची भट्टी गावाबाहेर चिंचेखाली होती. भाटवे मला तिथं पोचवून आपल्या कामाला गेले, संध्याकाळी न्यायला येणार होते. माणूस साठीचा, हाडकुळा, कपाळावर राखेचे पट्टे. "रा, कूर्चो (ये, बस)," म्हणाला आणि मग मोडक्या मराठीत बोलू लागला. मी काम सांगितलं, पात्याचा आकार मातीत काढून दाखवला. त्यानं मान हलवली आणि कोपऱ्यातून झिजलेली कानस उचलली. कानशीचं लोखंड धार धरतं, हे मला पटलं. मग त्यानं आपली रीत सांगितली.

"पान (पातं) आधी, घर (मूठ) मागून. पान आज देतो. फडकं गुंडाळून काम करायचं, मग आणायचं. हात कुठं दुखते पाहीन, मग घर बसवीन. माह्या भट्टीतला चाकू असाच निघते."

मला हा माणूस एकदम आवडला. कुठं तो शंभर सारख्यांचा कारखाना आणि कुठं हा! मग त्यानं लोखंडाची एक पट्टी ऐरणीवर ठेवली आणि म्हणाला, "उचल. लाकूड सोलते तसं धर."

मी हात पुढं केला. डावा. आणि पाहिलं तर ऐरणीवर हळदीकुंकू होतं, वर संक्रांतीचं वाळलेलं झेंडूचं फूल. ऐरण म्हणजे लोहाराचा देव. देवापुढून डाव्या हातानं उचलायचं? लहानपणापासून प्रसाद, अक्षता, वडीलधाऱ्यांच्या हातचा पैसा, सगळं डाव्या हातानं घेतलं म्हणून मी चापट्या खाल्ल्या होत्या. डावा हात आपोआप मागं गेला, उजवा पुढं आला, त्यानं पट्टी उचलली आणि जमेल तशी धरली.

राजय्यानं माझं मनगट पाहिलं, अंगठा पाहिला, पट्टीवर खडूनं खूण केली.

तोंड उघडायचं होतं. खरंच उघडायचं होतं! म्हटलं, धार घासायच्या वेळी सांगू. पण भाता सुरू झाला, लोखंड लाल झालं, घण पडू लागला आणि त्या आवाजात कोण काय सांगणार. दुपारी त्याच्या बायकोनं घरात बोलावून सकिनालु (तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली कडबोळी) खायला दिली. माझं लक्ष सगळं बाहेर होतं. ती तेलुगूत आग्रह करत होती, मी मान हलवत होतो आणि बाहेर दगडावर पातं घासल्याचा आवाज येत होता. उठून जावं तर ती म्हणणार, पाहुण्याला आवडलं नाही. मी बसून राहिलो. बाहेर आलो तेव्हा पान तयार होतं, फडक्यात गुंडाळून ऐरणीवर ठेवलेलं. मी ते उचललं. पुन्हा उजव्याच हातानं.

रस्ताभर फडकं सोडून पाहायची माझी हिंमत झाली नाही. भाटव्यांनी एकदा विचारलं, "पाह्यलं का?" मी म्हटलं, "अंधार हाय." अंधार एवढाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोपांच्या वाफ्यात फडकं सोडलं. पातं काय सुरेख होतं! पातळ, निळसर, अंगठ्यावर नुसतं टेकवलं तरी केस उडावा असं. आणि उतार उजव्या हाताचा.

तरी प्रयत्न केला. डाव्या हातानं उलटं ओढून पाहिलं, काडी फिरवून पाहिली, उजव्या हातानंही कापून पाहिलं. अकरा डोळे गेले. प्रत्येकाच्या पोटाखाली खड्डा. भाटव्यांच्या दाढीचं पातं आणून पाहिलं, ते काडीवर वाकलं आणि माझं बोट कापलं. बाई बांधावर बसून सगळं पाहत होती. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं ते अकरा फुकट गेलेले डोळे उचलून पदरात ठेवले आणि मला रडूच आलं.

तसाच धावत राजय्याकडं गेलो. त्याच्या दारात चार बैलगाड्या उभ्या, चाकांना लोखंडी धावा चढवायच्या होत्या. मी सगळ्यांदेखत सांगितलं की मी डावखुरा आहे.

"एडम चेय्यी? (डावा हात?)" राजय्या माझ्याकडं पाहतच राहिला. "मग काल काऊन नाई सांगतलं?"

"ऐरणीवर डावा हात कसा घालू मामा?"

त्यानं घण खाली ठेवला. "अरे, मी या ऐरणीवर थुंकी उडवतो, घाम गाळतो, शिव्या देतो. तिले घाव चालते, अन् तुहा हात नाई चालत? मी माप कशाचं घेतलं मग? तुह्या लाजेचं?"

गाडीवाले हसले. या वेळी मला हसू आलं नाही. राजय्याचा आवाज मग मऊ झाला. दुसरं पान करायला कानस नव्हती, ती आदिलाबादहून आणावी लागणार. आज धावा होत्या, कापसाच्या गाड्या अडल्या होत्या. उद्या अमावास्या, अमावास्येला भट्टी पेटत नाही. "परवा ये," तो म्हणाला. परवा म्हणजे पाचवा दिवस. आणि पान मिळायला संध्याकाळ, म्हणजे हात लावायला सहावा.

परत येताना मनात नुसता गोंधळ होता. आदिलाबाद गाठावं, तो कंपनीचा चाकू घ्यावा? तोही उजव्याच हाताचा. तो घेतला असता तर निदान खोटं तरी बोलावं लागलं नसतं; त्या चाकूनं मला कोण म्हणून विचारलंच नव्हतं. राजय्यानं विचारलं, आणि मी त्याला दुसऱ्याच माणसाचा हात दाखवला.

वाफ्याशी आलो तर बाई खाली बसलेली. तिच्या उजव्या हातात राजय्याचं पान, आणि पुढ्यात जंबेरीच्या छाटलेल्या फांद्यांचा ढीग. ती त्यांची साल सोलून पाहत होती. जाड, बारीक, तुटकी, सगळ्या तऱ्हेची साल भोवती पडली होती.

"बाई, काय करून राह्यली?"

"पाय तं," ती म्हणाली आणि एक तुकडा पुढं केला. पोटाशी सपाट होता. "बाबांच्या हाताखाली मी सात वर्षं पट्ट्या बांधल्या. कापू कोणी देलं नाई. पोरीच्या जातीले चाकू कशाले, म्हणे. आता मले कापू दे. तू सांग."

शिकाऊ हात, आणि शिकायला बाबांचे शेवटचे डोळे! पण दुसरं होतं काय? मी तिच्या शेजारी बसून दाखवू लागलो. जमेना. माझं डावं, तिचं उजवं, सारखा घोळ. मग आठवलं, बाबा उजवे होते आणि मला शिकवताना ते कधी शेजारी बसले नाहीत. ते समोर बसायचे. मी उठून बाईच्या समोर बसलो. आरशात पाहावं तसं झालं. माझा डावा हात हलला की तिचा उजवा हलायचा. माझ्या हातात काडीचा तुकडा, तिच्या हातात चाकू.

"अंगठा खाली ठेव. दाबू नको. ओढ. पात्याले चालू दे, तू नको चालू."

जंबेरीच्या फांदीवर दुपार कलेपर्यंत घोकलं. मग तिनं बाबांची काडी उचलली. पहिला डोळा फाटला. दुसरा फाटला. तिसऱ्याला मी डोळे मिटून घेतले. उघडले तर तिच्या पात्यावर डोळा बसलेला, साल पातळ, पोट सपाट, ओलसर. आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत राहिलो. मग ती खेकसली, "पायत काय बसला, बांध ना लवकर!"

मी बांधला. त्या दिवशी उजेड असेपर्यंत ती कापत गेली, मी बांधत गेलो. दुसऱ्या दिवशी अमावास्या म्हणून तिच्या सासूनं अडवलं. भाटवे एवढंच म्हणाले, "काम काल सुरू झालं, माय. आज काई नवं नाई." म्हातारी वाट सोडून बाजूला झाली. पाचव्या दिवशी दुपारी काड्या संपल्या. तीनशे रोपांपैकी दोनशे साठांवर डोळे बसले होते. मी आयुष्यात एवढ्या पट्ट्या बांधल्या नव्हत्या, आणि या दोनशे साठांतला एकही डोळा माझ्या हातानं कापलेला नव्हता.

निघायच्या सकाळी गावातले दोन-तीन जुने लोक वाफा पाहायला आले. एक म्हणाले, "वा पाव्हणं! वरूडचा हात म्हंजे वरूडचा हात." बाईनं मान खाली घातली. तिला भावाची अब्रू राखायची होती. माझ्या तोंडावर ते जुनं हसू यायलाच लागलं होतं.

"नाई काका," मी म्हटलं. "डोळे बाईनं भरले. मी डावखुरा हाव, माह्याच्यानं झालं नाई."

म्हातारे एकदा माझ्या हातांकडं पाहू लागले, एकदा तिच्या. बाईनं पदरानं डोळे पुसले आणि उगाच वाफ्यातलं गवत उपटू लागली.

परतीच्या गाडीत पिशवी रिकामी होती, तरी हात सवयीनं तिच्याकडं जात होता. आता काळजी दुसरी. पट्टीच्या आत काय चाललं असेल? डोळा हिरवा की काळा? तीन आठवडे कळणार नव्हतं. आदिलाबादच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्या दुकानात जाऊन यायला वेळ होता. मी गेलो नाही. तो चाकू वाईट नव्हता. उजव्या हाताच्या माणसानं तो जरूर घ्यावा, दहा वर्षं वापरावा. हातानं करून घेतलेल्या चाकूची भानगड एवढीच की करणारा समोर बसून विचारतो, आणि त्याला खरं सांगावं लागतं. ते ज्याला जमत नाही त्यानं डबीतला घ्यावा, तो सुखी राहील.

महिन्याभरानं भाटव्यांचं कार्ड आलं. पट्ट्या सोडल्या होत्या. "एकशे नव्वदाच्या वर डोळे हिरवे. काहींना कोंब आले. तुमची बाई रोज दोनदा मोजते. बाजूच्या गावचे लोक तिला कलमा भरायला बोलावून राहिले. राजय्यानं तिच्या हाताचं घर चाकूला बसवून दिलं." आणि खाली, उरलेल्या जागेत: "राजय्या विचारतो, डाव्या हाताचं माप कधी पाठवता? कानस आणून ठेवली आहे."

आईला कार्ड दोनदा वाचून दाखवलं. मग मी वहीचा कागद फाडला, त्यावर डावा हात पालथा ठेवला, बोटं पसरली आणि उजव्या हातात पेन्सिल धरून भोवती रेघ काढायला बसलो. उजव्या हाताला असल्या कामाची सवय कुठली! रेघ थरथरली, करंगळीपाशी घसरली, अंगठा भोपळ्याएवढा झाला. तीन कागद वाया गेले. चौथा तसाच पाकिटात घातला आणि खाली लिहिलं, "राजय्या मामा, रेघ वाकडी आली ती उजव्या हाताची चूक. हात माझाच आहे."